निवडुंगाला पाणी कोणी घातलं

"कॅक्टस घे गं. त्याला काही करावं लागत नाही."

हे वाक्य मला ऑफिसातल्या मैत्रिणीनं ऐकवलं, आणि पुढचं दीड वर्ष मी ते मनातल्या मनात तिच्या तोंडावर फेकून मारत होते.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या औषध कंपनीत मी गुणवत्ता तपासणीचं काम करते. गोळीत ओल किती, गोदामाच्या हवेत दमटपणा किती, हे दिवसातून तीनदा मोजून नोंदवायचं आणि खाली सही करायची. वीसेक वर्षं हेच. बोरिवलीहून सकाळी सातला निघते, परत यायला साडेसात होतात. या वेळापत्रकात माझ्या खिडकीतला मोगरा गेला, तुळस दोनदा गेली, आणि जो कुणाकडेही जगतो म्हणतात तो मनी प्लांटसुद्धा माझ्याकडे पिवळा पडून मेला. म्हणून कॅक्टस.

ऑफिसजवळच्या रस्त्यावर एक नर्सरीवाली बसते. तिच्याकडून पाच बुटकी रोपं घेतली. एकाच्या डोक्यावर जांभळं फूल होतं. ते फूल मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं. दोन महिने झाले, तीन झाले, फूल तस्संच. नवरा म्हणाला, "झकास आहे यार, तुझ्या हाताला यश आलं." चौथ्या महिन्यात धूळ पुसायला गेले तर फूल हातात आलं. त्याच्या बुडाला डिंकासारखा वाळलेला गोळा. कुठलंसं सुकं फूल गरम गोंदानं चिकटवलं होतं. चार महिने मी गोंदाचं कौतुक करत होते.

चिकटवलेल्या जागी झाडाला काळा डाग पडला होता. तो पसरत गेला आणि आठवड्याभरात ते झाड बसलं. बसलं म्हणजे शब्दशः. भाजलेल्या वांग्यासारखं आपल्याच सालीत कोसळलं.

मग मी वाचायला लागले. एक म्हणे आठवड्यातून एकदा पाणी, दुसरा म्हणे महिन्यातून एकदा, तिसरा म्हणे पाणी घालायचं नाही, झाड मागेल तेव्हा द्यायचं. मागेल कसं ते कुणी सांगत नव्हतं. भरपूर ऊन द्या म्हणाले म्हणून ग्रिलच्या टोकाला ठेवलं, तर दोन झाडं एका बाजूनं भाजून खरपूस झाली, त्यातलं एक गेलंच. मी चिडले. चिडले की मी वही काढते, हा माझा स्वभाव. ऑफिससारखी वही केली. तारीख, झाड, पाणी किती, कुणी घातलं. 'कुणी' या रकान्यात माझ्याशिवाय कुणाचं नाव येणार नव्हतं, पण सवयीनं तोही आखला.

वहीमुळे की कशामुळे कोण जाणे, तीन झाडं टिकली. हुरूप आला. आणखी आणली. फेब्रुवारीत, वाढदिवसाला, मुलुंडच्या झाडांच्या प्रदर्शनातून एक गोल कॅक्टस आणला. मोसंबीएवढा, गर्द हिरवा, शिरांवर सोनेरी काटे इतके नेमके बसवलेले की बघत राहावं. तो मी स्वतःसाठी घेतला होता. घरातली बाकी प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी सोयीची होती. तो फक्त माझा होता.

त्याच फेब्रुवारीत बाबा माझ्याकडे राहायला आले.

आई गेल्यापासून ते गावी एकटेच असायचे, मालवणच्या आत एका वाडीत. त्याआधी उभं आयुष्य लालबागला, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी, मग गाव. न्हाणीत घसरून पडले, मनगट मोडलं, आणि मी जाऊन घेऊन आले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दिवसभर काय करणार? ते खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायचे. आणि खिडकीत माझे कॅक्टस.

"निवडुंग कुंपणाक लावतत गो," पहिल्याच दिवशी म्हणाले. "घरात कोण हाडता?"

"बाबा, हौस आहे माझी."

"हौस आसा तर पाणी कित्याक घालणस नाय? माती बघ कशी तडकली हा."

"त्यांना लागत नाही पाणी."

"जीव आसा ना त्येका? मगे पाणी लागतलाच."

बाबांची एक सवय होती. प्यालेल्या पाण्याचा तळाचा घोट ते कधी मोरीत ओतत नसत. गावी विहिरीवरून घागरी आणलेला माणूस. लालबागच्या चाळीतही उरलेलं पाणी गॅलरीतल्या डब्यातल्या झाडाला जायचं. इथं जवळ होते माझे कॅक्टस. दुसऱ्या आठवड्यात मी घरी आले तर चार कुंड्या ओल्या. मी नीट समजावलं. मान डोलावली. तीन दिवसांनी पुन्हा दोन कुंड्या ओल्या. पुन्हा समजावलं, आवाज थोडा चढवून. मार्चअखेर त्या दोनांतलं एक गेलं.

मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पाणी घालू नये', आणि ग्रिलला बांधलं. बाबांनी चष्मा लावून ते वाचलं.

"ही पाटी माका काय?"

"सगळ्यांना आहे."

घरात आम्ही तिघंच. त्यानंतर मात्र कुंड्या कोरड्या राहिल्या. पाणी पिऊन झालं की पेला हातात धरून हळूहळू उठायचे, स्वयंपाकघरात जायचे आणि पेला ओट्यावर ठेवायचे. तळाचा घोट तसाच. तो मी ओतायचे. मला वाटलं, जिंकले.

जूनमध्ये मी सगळ्या कुंड्या आत घेतल्या. चपलांच्या कपाटावर रांग लावली आणि टेबलफॅन त्यांच्याकडे तोंड करून ठेवला. नवरा म्हणाला, "आम्हाला उकडतं आणि पंखा झाडांना?" तेवढं करूनही जुलैत कापसासारखे पांढरे ठिपके दिसायला लागले. पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून मी एकेक किडा टिपत बसायचे. घराला इस्पितळाचा वास यायचा. ऑफिसात दमटपणा वाढला तर मी एक बटण दाबते आणि हवा सुकवणारं यंत्र सुरू होतं. घरी माझ्याकडे टेबलफॅन आणि बोळा. दमट हवेला मी अक्षरशः शिव्या घालायचे. काटे टोचून बोटं सुजली होती, हातमोजे घातले तर कुसळं हातमोज्यांतूनही शिरत. काही करावं लागत नाही म्हणे.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी घरी आले, पर्स ठेवली, आणि नेहमीप्रमाणे गोल कॅक्टसाकडे बघितलं. तो जरा कललेला वाटला. सरळ करायला बाजूनं बोट लावलं, आणि बोट आत गेलं. पिकलेल्या पपईत जावं तसं. आतून तपकिरी पाणी आलं आणि आंबूस वास सुटला.

त्या दिवशी ऑफिसात एक पूर्ण खेप परत गेली होती आणि साहेब सगळ्यांसमोर मला बोलले होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण तेही डोक्यात होतं.

"बाबा, पाणी घातलंत ना याला?"

ते टीव्हीवरच्या बातम्या बघत होते. "काय गो?"

"या झाडाला. पाणी घातलंत ना?"

"नाय. मी घालूक नाय."

"मग हे असं कसं झालं? पाटी लावून ठेवली, ती वाचता येते ना? चार चारदा सांगायचं का? लहान मूलसुद्धा ऐकतं! एक गोष्ट माझी आहे या घरात, एक, तेवढी तरी राहू द्यायची होती!"

नवरा आतून बाहेर आला. "अगं, झाड आहे ते."

"तू मध्ये बोलू नकोस रे!"

बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. माझ्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं. मग आपल्या हाताकडे. मनगट मोडलेला तोच हात.

"मीच घातलंय आसात," ते हळू आवाजात म्हणाले. "माका आठवत नाय."

"बघ!" मी नवऱ्याला म्हणाले. मी खरंच 'बघ' म्हणाले. तो शब्द मला अजून ऐकू येतो.

सकाळी पाटी काढून टाकली. लाज वाटली म्हणून नाही, रागानंच. आता कशाला हवी, ज्याच्यासाठी लावली तेच गेलं, असं म्हणत पुठ्ठा फाडला. बाबा बघत होते.

त्यानंतर काहीतरी बदललं. आधी माझ्या लक्षात आलं नाही, नवऱ्याच्या आलं. बाबांनी खिडकीतली खुर्ची सोडली आणि आतल्या खोलीत बसायला लागले. मला फोन करायला लागले, ऑफिसात, दिवसातून दोनदा, तीनदा. "गो, मी गोळी घेतलंय काय?" मी काय सांगणार मरोळमध्ये बसून? "गॅस बंद केलंय काय बघूक कोणाक सांग." गॅस त्यांनी पेटवलाच नव्हता. शेजारच्या काकूंना मी विनवलं, त्या बघून आल्या, गॅस बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मी कामात असायचे, वैतागायचे, फोन कापायचे, मग अपराधी वाटायचं, मग त्याचाही राग यायचा. आधी ते काही विसरत नव्हते असं नाही. पण आधी विसरायचे आणि पुढे जायचे. आता न विसरलेल्या गोष्टीही तपासत बसायचे.

तोवर आणखी दोन कॅक्टस मऊ पडायला लागले होते. एक त्याच प्रदर्शनातून दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन घेतलेला होता. कॅक्टसवाल्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी फोटो टाकला. पंधरा जणांनी पंधरा उपाय सांगितले. फक्त एका बाईंनी लिहिलं, "फोटोवरून काही कळत नाही. झाड घेऊन या." त्या मुलुंडला राहायच्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या, इमारतीच्या गच्चीवर पारदर्शक पत्र्याखाली त्यांचे तीनेकशे कॅक्टस.

रविवारी गेले. नवरा कामानिमित्त बाहेरगावी होता आणि बाबांना एकटं ठेवायची आता मला भीती वाटायची, म्हणून त्यांनाही घेतलं. पिशवीत दोन आजारी झाडं. तीन मजले आणि वर गच्चीचा जिना, बाबा प्रत्येक वळणावर थांबत चढले.

बाईंनी बाबांना सावलीत खुर्ची दिली, पाणी दिलं. मग माझ्या पिशवीतली कुंडी घेतली, उलटी केली आणि तळहातानं ठोकली. मातीसकट झाड बाहेर आलं. त्यांनी बाहेरची माती बोटांनी झटकली. कोरडी, भुसभुशीत, मी स्वतः मुळांना हात न लावता वाळू घालून बदललेली. आत मुळांच्या मधोमध लिंबाएवढा काळा गोळा होता. त्याच्याभोवती बारीक प्लास्टिकची जाळी.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"नारळाच्या भुशाचा गोळा. लहान रोप यात वाढवतात आणि विकताना असंच कुंडीत ठेवून वर माती घालतात. तुम्ही काढला नव्हता ना?"

"मला माहीतच नव्हतं."

"कुणालाच माहीत नसतं. तुमच्या पावसाळी हवेत हा गोळा महिनोन् महिने सुकत नाही. बाहेरून हात लावला तर माती कोरडी, आणि आत बिचाऱ्याचे पाय चिखलात." त्यांनी गोळा दाबला. खरंच पाणी आलं. "पाणी कधी घातलं होतं?"

फोनमध्ये माझ्या वहीचे फोटो होते. काढून दाखवले. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. "जूनमध्ये दर दहा दिवसांनी? कशाला हो? आमच्याकडे जालन्यात उन्हाळ्यातसुद्धा माझी आई कॅक्टसाकडे बघायची नाही, आणि ते जगायचे. पावसाळ्यात इथं थेंबसुद्धा घालायचा नसतो."

वहीत प्रत्येक नोंदीपुढे, 'कुणी' या रकान्यात, माझीच सही होती.

"माझा त्याच प्रदर्शनातला गोल कॅक्टससुद्धा असाच गेला असेल का?" मी विचारलं. "वरून कुणी पेल्यातला उरलेला घोट घातल्यामुळे नसेल?"

"पेल्याच्या तळातल्या घोटानं? छे. त्याच प्रदर्शनातला ना? मग असाच. घेतला त्या दिवसापासून जायच्या वाटेवर होता तो, आणि वरून तुमचं दहा दिवसांचं पाणी."

बाबा गच्चीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. त्यांनी यातलं काही ऐकलं नव्हतं. त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. आजूबाजूला तीनशे झाडं. त्यांनी पेला छातीशी धरला होता.

परत येताना मुलुंडहून बोरिवलीची बस घेतली. रविवार असल्यानं दोघांना शेजारी जागा मिळाली. बराच वेळ मी शब्द जुळवत बसले. गुणवत्ता तपासणीत चूक कुणाची हे शोधायचं आणि लेखी कळवायचं, हे मी रोज करते. तिथं कधी जीभ अडत नाही.

"बाबा," मी शेवटी म्हणाले, "त्या झाडाला तुम्ही पाणी नव्हतं घातलं. ते माझ्यामुळे गेलं. त्या बाईंनी दाखवलं मला."

ते खिडकीतून बाहेर बघत होते. माझ्याकडे वळले. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल.

"मगे मी कशाक म्हटलंय, मीच घातलंय म्हणान?"

मी म्हणाले, "मी ओरडले म्हणून."

त्यांनी मान हलवली. "गिरणीत जॉबर, आमचो मुकादम, असोच आराडायचो. एकदा साचो बंद पडलो, त्येनी माझ्या नावार घातल्यान. मी म्हटलंय, होय, माझ्याचकडसून झाला. भांडान काय उपेग? पण तेव्हा माका ठाऊक होता, मी काय करूक नाय. ह्या टायमाक माका ठाऊक नव्हता. माका वाटला, घातलंय आसात. रातभर इचार केलंय. पेलो घेवन गेलंय काय, नाय गेलंय काय. तोच फरक गो."

"माझं चुकलं, बाबा."

"ऱ्हवांदे," ते म्हणाले आणि पुन्हा बाहेर बघायला लागले.

माफी मागितली की प्रकरण मिटतं असं मला वाटत होतं. तसं झालं नाही. ऑफिसातले फोन थांबले नाहीत. आठवड्याभरानं त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी प्रश्न विचारले, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, रक्त तपासलं. वयाच्या मानानं ठीक आहे म्हणाले, एका जीवनसत्त्वाची कमतरता आहे, इंजेक्शनं घ्या. निघताना मी हळूच विचारलं, कुणी ओरडल्यामुळे असं होतं का? डॉक्टर म्हणाले, ओरडल्यामुळे विसरत नाहीत, पण स्वतःवरचा भरवसा जातो, तो परत यायला वेळ लागतो. किती वेळ, ते त्यांनी सांगितलं नाही. मी वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी आणली. कप्पा रिकामा म्हणजे गोळी घेतली. आता फोन कमी येतात. बंद झालेले नाहीत. आणि सगळं कळूनही, मीटिंगमध्ये असताना फोन आला की माझ्या कपाळाला आठी पडते. ती मला स्वतःला जाणवते, तरी पडतेच.

आजवर आणलेल्या चौदातली पाच झाडं उरली. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तेव्हा मुलुंडच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे सगळ्यांच्या कुंड्या बदलायला घेतल्या. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. विटांचा चुरा करायचा होता आणि माझ्याकडून विटेची एकतर ढेकळं होत होती नाहीतर पीठ. बाबा आतून बाहेर आले, थोडा वेळ उभे राहून बघितलं, आणि हातोडी माझ्या हातातून काढून घेतली. खाली बसणं जमत नाही म्हणून स्टुलावर बसले, पुढ्यात पाटा ठेवला. डाव्या हातानं, कारण उजवं मनगट अजून दुखतं. हरभऱ्याएवढे एकसारखे तुकडे पडायला लागले.

मी प्रत्येक झाड कुंडीतून काढत होते आणि मुळांतली जाळी कात्रीनं कापून काढत होते. पाचांपैकी चारांत ती निघाली. प्रत्येक वेळी मी नर्सरीवाल्यांच्या नावानं बोटं मोडली. सशाच्या कानांसारख्या चपट्या कॅक्टसाची कुसळं माझ्या अंगठ्यात शिरली. बाबांनी चिकटपट्टी मागितली, अंगठ्यावर दाबली, ओढली. तीनदा. बरीचशी निघाली. बाकीची दोन दिवस खुपत राहिली.

"हे शेवटचं तुम्ही लावा," मी म्हणाले.

"माका नको," ते लगेच म्हणाले. "तूच लाव. मगे काय झाला तर?"

मी आग्रह केला नाही. झाड कुंडीत धरलं, चुरा आणि वाळू भरली, काडीनं ठोकून बसवलं, हात झटकले. बाबा स्टुलावरून बघत होते. डोकं एका बाजूला कलतं करून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"वाकडा लावलंस."

मला सरळ वाटत होतं. मी कुंडी फिरवून बघितली. वाकडं होतं. पुन्हा उपसलं, पुन्हा लावलं, पुन्हा ठोकलं. पाठ दुखत होती, नखांत विटेची लाल पूड गेली होती, आणि अजून जमीन पुसायची होती.

"आता?"

"आता दुसऱ्या बाजूक वाकडा," बाबा म्हणाले, आणि हातोडी खाली ठेवून खुर्ची खिडकीकडे ओढायला लागले.